‘फादर आहेत ना!’

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर, आमच्या धर्मग्रामाच्या हॉलमध्ये पालकांची सभा भरायची. पंखे घरघरत असत, मुलं बाहेर कैऱ्या पाडत असत आणि मी फळ्यावर पाच दिवसांचं वेळापत्रक लिहीत असे. मग प्रश्न सुरू व्हायचे. मोबाइलला रेंज येते का? मासे नसले तर आमचा जेवत नाही, काय करायचं? साप असतात का? पंधरा-वीस मिनिटांत प्रश्न संपायचे. मग कुणीतरी खुर्चीवरून उठता उठता म्हणायचं, “बाकी काय, फादर आहेत ना!” सगळे हसायचे आणि फॉर्मवर सही करायचे.

२००७ ते २०२४, त्यातली कोविडची दोन वर्षं सोडली तर सोळा उन्हाळे मी वसईतल्या मुलांना रानात नेलं. शाळेत शिकवते म्हणून तिथंही मी ‘टीचर’च. सुरुवातीला ते वाक्य मला शाबासकीसारखं वाटायचं. अलीकडे ऐकलं की पोटात गोळा यायचा. शिबिरात जे जे चुकलं, ते बहुतेक या वाक्याच्या आडोशाला चुकलं होतं.

आधी शिबिर कसलं ते सांगते. अकरा ते पंधरा वर्षांची चाळीस-पंचेचाळीस मुलं-मुली, एक फादर, दोन सिस्टर, आम्ही आठ कार्यकर्ते. मेच्या शेवटच्या आठवड्यात चार रात्री तंबूत. सुरुवातीची वर्षं जव्हार-मोखाड्याच्या बाजूला, नंतर भंडारदऱ्याकडे. पहाटे प्रार्थना, उन्हाआधी चाल, दुपारी स्वयंपाक आणि सावली, संध्याकाळी मिस्सा. मे हा मरियामातेचा महिना, त्यामुळे रात्री रोझरी. घरी टीव्हीचा आवाज कमी करून उरकली जाणारी रोझरी तिथं अंधारात, पन्नास पावलांवर कोल्हे ओरडत असताना म्हटली जाते, तेव्हा मुलं एकमेकांना चिकटून बसतात आणि एकही शब्द गाळत नाहीत.

ही कल्पना काही आमची नव्हे. पुढे पोप जॉन पॉल दुसरे झालेले कारोल वोयतिवा १९५० च्या दशकात पोलंडमध्ये तरुण धर्मगुरू होते. कम्युनिस्ट राजवटीत धर्मगुरूंनी तरुणांचे गट घेऊन हिंडायला मनाई होती. म्हणून ते साध्या कपड्यांत डोंगरात आणि नद्यांवर जात. मुलं त्यांना फादर म्हणत नसत, ‘वुयेक’ म्हणजे काका म्हणत. उलट्या घातलेल्या होडीची वेदी करून मिस्सा होई. १९५८ मध्ये बिशप म्हणून नेमणूक झाल्याचा निरोपही त्यांना अशाच एका होडीच्या सहलीत मिळाला. आमचे फादर हा किस्सा दर वर्षी सांगायचे आणि मुलं दर वर्षी होडीपाशी हसायची. मला त्यातलं दुसरंच काही उशिरा कळलं. त्या पोरांसमोर झगा नव्हताच. त्यांनी भरवसा ठेवला तो रोज बरोबर चालणाऱ्या, बरोबर वल्हं मारणाऱ्या माणसावर, त्याला पारखून. आम्ही वसईकर झगा बघूनच निर्धास्त होतो.

पहिला धडा दुसऱ्याच वर्षी मिळाला. त्या दिवशी मिस्सा पहाटे होती, पण प्रवचन लांबलं. सहाला निघायचं ते साडेआठला निघालो. फादरांना थांबवायचं कुणी? मीही थांबवलं नाही. अकराच्या सुमारास कातळावर एक तेरा वर्षांची मुलगी बसली ती उठेना. अंग तापलेलं, घाम नाही, बोलणं असंबद्ध. सावलीत नेऊन, अंगावर पाणी ओतून, वारा घालून तिला खाली आणलं. दवाखान्यात सलाइन लागलं, संध्याकाळी ती हसायला लागली. नंतर तिची बाटली बघितली तर सकाळी भरलेली जवळजवळ तशीच होती. रात्री सिस्टरांनी हळूच विचारलं तेव्हा तिनं खरं कारण सांगितलं: पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं कुठं?

मी बाई असून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मुलगे कुठंही झाडामागं जातात, मुली दिवसभर ओठ कोरडे ठेवतात. तेव्हापासून तळावर पोचल्यावर पहिलं काम मुलींच्या आडोशाचं. चार बांबू, जाड कापड, खड्डा, बादली, झाकणाचा डबा. वाटेवरही दर तासाला आम्ही बायका पुढं होऊन जागा बघायचो. अकरा ते चार चालणं बंद. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रत्येक मुलाला पाढ्यासारखं पाठ. आणि वेळापत्रकापुढं फादरांचंही चालायचं नाही, हे फादरांनीच लिहून दिलं. आयांना एवढंच सांगते, मुलगी अकराची झाली असेल तर पाळीविषयी तिच्याशी घरी बोला आणि पॅड पिशवीत घाला. शिबिरात पहिल्यांदा पाळी आलेल्या तीन मुली मी पाहिल्या. त्यांतल्या एकीला वाटलं होतं की आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय आणि तो शिबिरात केलेल्या पापामुळं झालाय.

सापांबद्दल सभेत हमखास विचारतात, म्हणून ती सकाळ सांगते. पहाटे पाचला बारा वर्षांचा एक मुलगा पोट धरून उठला. खूप कैऱ्या खाल्ल्या असतील म्हणून मी ओवा द्यायला निघाले, तेवढ्यात दूध घेऊन आलेल्या पाड्यावरच्या माणसानं विचारलं, “रात्री भुईवर निजलेला का?” मला कळेना. त्यानं सांगितलं ते पुढं डॉक्टरांनीही सांगितलं. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावल्याचं बऱ्याचदा कळतही नाही, दातांची खूण दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, मग श्वास. आणि तो मुलगा उकडतंय म्हणून सतरंजी सोडून उघड्या जमिनीवर सरकला होता.

त्या वर्षी भाडं वाचावं म्हणून गाडी वसईला परत पाठवली होती. शेजारच्या गावातून जीप यायला पन्नास मिनिटं लागली. त्या पन्नास मिनिटांत मी त्याच्या पापण्यांकडं जेवढं टक लावून बघितलं, तेवढं स्वतःच्या मुलांच्या तापातही बघितलं नसेल. फादर शेजारी बसून प्रार्थना म्हणत होते. मध्येच थांबून म्हणाले, “टीचर, गाडी पाठवायला नको होती.” ग्रामीण रुग्णालयात त्याला दिवसभर देखरेखीखाली ठेवलं. काही नव्हतं, कैऱ्याच होत्या. मुलगा सुटला, पण आमचं पितळ उघडं पडलं.

त्यानंतरचे नियम सोपे आहेत. गाडी आणि ड्रायव्हर चोवीस तास तळावर. शिबिराच्या आदल्या आठवड्यात जवळच्या रुग्णालयात स्वतः जाऊन सर्पदंशाची लस शिल्लक आहे का ते विचारायचं. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते, पण ती तिथल्या कपाटात असेल तर. झोपताना मच्छरदाणी, तिची कड अंथरुणाखाली खोचलेली. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, कारण विंचू. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश पूर्वी मुलांच्या जिवावर बेतायचा. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून त्यावर उपाय दाखवून दिला. पण औषध आहे म्हणून बूट न झटकता घालायचे नसतात.

त्या प्रकरणातली खरी चूक मात्र वेगळी होती. मुलाच्या आईला आम्ही फोन केला दुपारी दोनला, सगळं ठीक आहे असं कळल्यावर. उगीच घाबरवायचं कशाला, हा विचार. शिबिर संपल्यावर ती बाई मला भेटली. चिडली नव्हती. म्हणाली, “टीचर, तुम्ही मला बातमी दिलीच नाहीत, थेट निकाल सांगितलात.” त्या वाक्याला आजही माझ्याकडं उत्तर नाही. मूल दवाखान्याच्या वाटेला लागलं की पहिला फोन घरी, हा नियम तिच्यामुळं आला. पालकांनो, तुमच्या शिबिरात हा नियम आहे का, ते विचारा.

लपवालपवी एकाच बाजूनं होते असं मात्र नाही. फॉर्मवर ‘काही आजार, सवयी, औषधं’ असा रकाना असतो. तिथं बहुतेक ‘नाही’ लिहिलेलं असतं. एका वर्षी चॉकलेटच्या डब्यात फिटच्या गोळ्या सापडल्या, चिठ्ठी नाही, नाव नाही. वडिलांना विचारलं तर म्हणाले, “मुलीची जात आहे, गावात कळायला नको.” दुसऱ्या वर्षी एक मुलगा दोन रात्री तंबूत बसून राहिला, आडवाच होईना. तिसऱ्या दिवशी चालताना झोपेनं पडला, तेव्हा त्यानं मला कानात सांगितलं की तो अंथरूण ओलं करतो. आईनं हे एका ओळीत कळवलं असतं, तर मी त्याला रात्री अकराला गुपचूप उठवून आणलं असतं, आणि त्याची पोरांत नाचक्की होण्याची भीतीच उरली नसती. नंतरच्या दोन रात्री तेच केलं. तो मुलगा पुढं तीन वर्षं आमच्याबरोबर आला.

आता जो प्रश्न आमच्या सभेत पहिली अनेक वर्षं कुणी विचारलाच नव्हता, त्याबद्दल. नर्स असलेल्या एका आईनं एकदा शांतपणे विचारलं, “फादर तंबूत मुलांचं कन्फेशन घेतात, तेव्हा तंबूचं दार उघडं असतं का?” हॉलमध्ये एकदम शांतता. मग कुजबुज, मग राग. एक काका उठून म्हणाले, “हे काय विचारणं झालं?” मलाही तेव्हा तिचा रागच आला होता, हे कबूल करते. उत्तर फादरांनीच दिलं. म्हणाले, “बंद असतं. पुढच्या वेळी तंबूच नसेल.”

त्या वर्षीपासून कन्फेशन जांभळीखाली. दोन खुर्च्या, शंभर पावलांवर बाकीची मुलं. सगळ्यांना दिसेल, कुणाला ऐकू येणार नाही. कोणताही मोठा माणूस, मग तो फादर असो, सिस्टर असो की टीचर, एका मुलाबरोबर एकटा आडोशाला जाणार नाही. मुलांच्या तंबूत रात्री टॉर्च लावून बघायला जायचं तर दोघांनी जायचं. आमच्या चर्चला जगभर मुलांवरच्या अत्याचारांच्या बाबतीत मान खाली घालावी लागली आहे, ते आपल्या अंगणापासून लांब आहे असं समजण्यात अर्थ नाही. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरू आणि व्रतस्थांना अशा तक्रारी वरिष्ठांपर्यंत नेणं बंधनकारक केलं. आपल्या देशाचा २०१२ चा पोक्सो कायदा तर तुम्हा-आम्हा सगळ्यांना बांधतो. अठरा वर्षांखालच्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवावंच लागतं, घरातल्या घरात मिटवता येत नाही. मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर मुलाकडून पाठ करून घ्या.

कन्फेशनबद्दल पालकांनी पाळायचीही एक गोष्ट आहे. मूल घरी आल्यावर “फादरना काय सांगितलंस?” असं विचारू नका. फादरांनाही विचारू नका. ते गुपित त्याचं आणि देवाचं. पण “तिथं कुणाची भीती वाटली का, कुणाचं वागणं नकोसं वाटलं का?” हे नक्की विचारा. आणि विचारल्यावर गप्प बसा. मूल उत्तर द्यायला वेळ घेतं.

रान म्हटलं की आपल्याला ओसाड जागा वाटते. सह्याद्रीत ओसाड असं काही नाही. प्रत्येक पाणवठ्याला धनी आहे, प्रत्येक वाटेवर कुणाची तरी गुरं जातात. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे पृथ्वीच्या जपणुकीविषयीचं परिपत्रक आलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याचे उतारे आम्ही रोज सकाळी मुलांना समजावून देत होतो. तळ मोखाड्याच्या बाजूला होता. पन्नास-पंचावन्न माणसांची आंघोळ, भांडी, स्वयंपाक, सगळं पाड्याच्या विहिरीवर. तिसऱ्या सकाळी पाण्याला गेलेली मुलं रिकाम्या हातांनी परत आली. मी गेले तर विहिरीच्या तळाशी उतरून एक बाई वाटीनं हंड्यात पाणी भरत होती. वर तीन हंडे रांगेत. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, “तुम्ही उद्या जाल. आम्हाला पाऊस पडेपर्यंत हीच विहीर आहे.”

वैतरणेवरच्या धरणांचं पाणी त्याच मुलखातून मुंबईला जातं आणि मोखाड्यातल्या बाया मेमध्ये टँकरची वाट बघतात, हे मी शाळेत भूगोलात शिकवत होते. तरी माझ्या डोळ्यांवर झापड होती. सृष्टीबद्दल देवाचे आभार मानायला आलेल्या आम्हा लोकांनी पाड्याची विहीर उपसली होती. ज्या मुलांच्या आजी-आजोबांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटोंबरोबर ‘हरित वसई’साठी, आपल्या विहिरी आणि वाड्या वाचवण्यासाठी मोर्चे काढले, त्यांचीच ही नातवंडं. त्या दुपारी टँकर मागवून विहिरीत सोडला. त्यानंतर तळ भंडारदऱ्याकडे, धरणाच्या पाण्याजवळ हलवला, आणि तिथंही माणशी दिवसाला किती बादल्या ते ठरवून दिलं. शेकोटी बंद केली. मेमधल्या वाळक्या गवतात एक ठिणगी पुरते. फोटोत शेकोटी नाही म्हणून काही पालक अजून नाराज आहेत.

गावाशी बोलणंही तेव्हापासून आधी. ग्रामपंचायत, वनखातं, पोलीस ठाणं, तिन्हीकडं पत्र आणि नावांची यादी. चर्चचे लोक पाड्याजवळ मुक्काम करतात म्हटल्यावर धर्मांतराची शंका येते, ती रागवून जात नाही, सांगून जाते. आमच्याबरोबर एखाद-दुसरं हिंदू मूलही मित्राच्या ओढीनं यायचं. त्याच्या आई-वडिलांना मी घरी जाऊन सांगत असे की रोज मिस्सा होते, रोझरी होते. तो शेजारी बसेल किंवा आमच्यापैकी एकाबरोबर भाजी चिरेल, त्याला गुडघे टेकायला कुणी सांगणार नाही. बहुतेक मुलं शेजारी बसायची.

शिबिर भावतं का, मूल बदलतं का, हेही विचारतात. दुसरी रात्र सगळ्यात कठीण, एवढं माहीत असू द्या. पहिली रात्र गंमतीत जाते, तिसरीला मैत्री होते, दुसरीला घर आठवतं. मोबाइल आम्ही पहिल्याच दिवशी जमा करायचो. त्याऐवजी पालकांकडून एक बंद पत्र घेऊन ठेवायचो आणि दुसऱ्या संध्याकाळी वाटायचो. एका आईनं लिहिलं होतं, “तुझ्याशिवाय घर खायला उठतं, आजी रडते.” ती मुलगी रात्रभर रडली, आईसाठी. एका वडिलांचं पत्र दोन ओळींचं होतं: “काळीला चार पिल्लं झाली. एक तुझं. बाबा.” त्या मुलानं ते पत्र शिबिरभर खिशात ठेवलं आणि जो भेटेल त्याला दाखवलं. पत्र लिहायचं तर असं लिहा.

आणि मूल संत होऊन येईल ही अपेक्षा नको. शेवटच्या रात्री फादर प्रत्येकाला विचारायचे, काय मिळालं? एकदा एक मुलगा म्हणाला, “मला देव-बिव काही जाणवला नाही. पण काजवे बघितले.” मुलं हसली. फादर म्हणाले, “मग पुरे झालं.” त्या रात्री वळवाची एक सर येऊन गेली होती आणि समोरचं झाड एका लयीत उघडमीट करत होतं. त्या मुलाच्या आईला मात्र वाटलं, पैसे वाया गेले.

गुडघ्यामुळं २०२४ नंतर मी थांबले. २०२५ मध्ये माझी धाकटी अकरा वर्षांची झाली आणि दुसऱ्या एका धर्मग्रामाच्या शिबिराला निघाली. मी पहिल्यांदाच सभेत समोरच्या खुर्चीत बसले. पर्समध्ये प्रश्नांची चिठ्ठी होती. गाडी रात्री तळावर असते का? जवळचं रुग्णालय कुठलं, लस आहे का? मुलींची सोय काय? रात्री तंबूत कोण जातं, एकटं का दोघं? कन्फेशन कुठं होतं? काही झालं तर मला केव्हा कळवणार? पाणी कुणाच्या विहिरीचं? दोरावरून उतरणं वगैरे असेल तर ते शिकवणारा कोण, आणि २०२१ च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे आयोजकाची नोंदणी आहे का?

सोळा वर्षं याच प्रश्नांची उत्तरं जगलेली मी, आणि माझी जीभ उचलेना. समोर फादर बसले होते, हसतमुख, ओळखीचे. शेजारची बाई म्हणाली, “बाकी काय, फादर आहेत ना!” खुर्च्या सरकायला लागल्या. तेव्हा कुठं हात वर केला. मागून कुणीतरी सुस्कारा सोडला, तो मी ऐकला. व्यासपीठावरच्या तरुण कार्यकर्त्यानं आठांपैकी सहा उत्तरं तिथंच दिली. लस आणि नोंदणी, या दोन्हींबद्दल म्हणाला, “माहीत नाही, विचारून सांगतो.” मंगळवारी त्याचा फोन आला. तो रुग्णालयात जाऊन आला होता. बुधवारी मी फॉर्मवर सही केली.

म्हणून एवढंच सांगते. मुलांना पाठवा, पण सही करण्याआधी हात वर करा. चांगल्या फादरांना प्रश्नांचा राग येत नाही. आलाच, तर त्या उन्हाळ्यात मूल घरी ठेवा. मेमध्ये आपल्या वाडीतही जांभळं पिकतात.